चामड्याची हातशिवण व रंगकाम : एका छंदाचे तंत्र आणि त्यामागील सामाजिक प्रश्न

प्रस्तावना

चामडे शिवणे व रंगविणे ही भारतातील अतिप्राचीन हस्तकला होय. तथापि छंद म्हणून तिचा विचार करण्याची सवय आपल्या सुशिक्षित समाजाला नाही. भरतकाम, विणकाम, मातीकाम, चित्रकला या गोष्टी छंदांच्या यादीत सहज बसतात. अलीकडे सुतारकामालाही तेथे जागा मिळू लागली आहे. चर्मकाम मात्र 'धंदा' या सदरातच राहिले, आणि तोही ठरावीक जातींचा धंदा. महाविद्यालयीन हस्तकला प्रदर्शनात कागदी फुले, काचचित्रे व मेणबत्त्या असतात. विद्यार्थ्याने स्वतः कापून, टोचून, शिवून तयार केलेले चामड्याचे पाकीट तेथे क्वचितच आढळते.

पाश्चात्त्य देशांत स्थिती वेगळी आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे १९१९ मध्ये पादत्राणांच्या साहित्याचे दुकान म्हणून सुरू झालेली टँडी ही पेढी दुसऱ्या महायुद्धानंतर प्रामुख्याने हौशी चर्मकामाच्या साहित्याकडे वळली. जायबंदी सैनिकांच्या हातांना व मनाला काम मिळावे म्हणून रुग्णालयांतून हे शिल्प शिकविले जात असे. अॅल स्टोलमन यांचे चामड्याच्या हातशिवणीवरील पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही हौशी मंडळी त्याच्याच आधारे आरंभ करतात. गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांतही नोकरदार वर्ग या छंदाकडे वळू लागला आहे. त्याला लागणारी अवजारे बहुधा परदेशांतून मागविली जातात आणि पद्धत चित्रफितींवरून शिकली जाते. हाकेच्या अंतरावर बसणाऱ्या चर्मकार कारागिराच्या हातात तीच विद्या असते. परंतु तिच्याकडे विद्या म्हणून पाहिले जात नाही. या छंदातील दोन मुख्य क्रियांचे, म्हणजे शिवणीचे व रंगकामाचे, तंत्र उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्या ओघात वरील विसंगतीचाही विचार करावा लागेल.

चामड्याची निवड

जनावराच्या कातडीचा मुख्य घटक कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन असते. कच्ची कातडी ओली ठेवली तर कुजते आणि वाळविली तर ताठ होते. कोलॅजेनच्या तंतूंना कुजण्यापासून रोखणारे पदार्थ त्यांच्यात मुरविणे म्हणजे कमावणे. कमावल्यानंतरच कातडीचे चामडे होते. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांतील टॅनिनचा उपयोग करणारी वनस्पतीजन्य पद्धत जुनी आहे. कोल्हापूर परिसरातील ढोर समाजाच्या कारागिरांनी तिचा एक विशेष प्रकार जोपासला. त्यात कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात, तिच्यात साल व हिरड्याचा अर्क भरतात आणि तो हळूहळू आतून बाहेर झिरपू देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत विकसित झाली. जे काम करण्यास कित्येक आठवडे लागत ते तीमुळे एक-दोन दिवसांत होऊ लागले. आज जगातील बहुतांश चामडे क्रोम पद्धतीचेच असते.

हौशी कारागिराने वनस्पतीजन्य चामडे घ्यावे, असे जवळजवळ सर्व जाणकार सांगतात. ते ओलसर असताना दाबले तर दिलेला आकार धरून ठेवते, त्याची कड घासून काचेसारखी गुळगुळीत करता येते आणि ते रंग चांगला शोषते. क्रोम चामडे मऊ, पाण्याला व उष्णतेला अधिक टिकणारे असते. परंतु वरील गुण त्यात नसतात. दुकानात दोहोंतील भेद ओळखावयाचा तर कापलेली कड पाहावी. क्रोम चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर करडी छटा दिसते, तर वनस्पतीजन्य चामड्याचा गाभा तपकिरी असतो. पाकिटासाठी सुमारे १ ते १.५ मिलिमीटर व कमरपट्ट्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडी पुरेशी होते.

खोगीर टाका

चामड्याच्या हातशिवणीचा आत्मा म्हणजे इंग्रजीत ज्याला सॅडल स्टिच म्हणतात तो खोगीर टाका. घोड्याचे खोगीर व लगाम यांची शिवण उसवली तर स्वाराच्या प्राणाशी गाठ असते. म्हणून तेथे सर्वांत भरवशाचा टाका वापरला गेला आणि त्यावरून हे नाव पडले.

या टाक्याचे वेगळेपण समजण्यासाठी प्रथम यंत्राची शिवण पाहावी लागेल. शिवणयंत्रात वरचा व खालचा असे दोन स्वतंत्र दोरे असतात. प्रत्येक भोकात ते एकमेकांना फास घालतात व परत आपापल्या बाजूला जातात. वरचा दोरा सर्वकाळ वरच राहतो आणि खालचा खालीच. घर्षणाने वरचा दोरा एका ठिकाणी झिजून तुटला, की त्याच्या आधाराने उभे असलेले शेजारचे फास सैल होऊ लागतात. जुन्या बॅगेची शिवण एकदा सुटली की ती वीतभर उसवत जाते, हा अनुभव सर्वांचाच आहे.

खोगीर टाक्यात दोरा एकच असतो व त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई असते. पहिल्या भोकातून दोरा ओवून दोन्ही बाजूंना समान लांबी ठेवतात. पुढील प्रत्येक भोकातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी जातात. डावीकडची उजवीकडे येते व उजवीकडची डावीकडे. परिणामी कोणत्याही एका बाजूस पाहिले तर एक टाका दोऱ्याच्या एका टोकाकडील असतो व त्यालगतचा दुसऱ्या टोकाकडील. एखादा टाका तुटला तरी त्याच भोकांतून दोऱ्याचा दुसरा पदर गेलेला असतो आणि तो जोड धरून ठेवतो. हे काम यंत्राला जमत नाही, कारण त्यासाठी प्रत्येक भोकातून दोऱ्याची संपूर्ण उरलेली लांबी ओढून न्यावी लागते. साध्या शिवणयंत्राच्या रचनेत तशी सोयच नाही. यंत्रापुढे हाताचे काम श्रेष्ठ ठरविण्यासाठी पुष्कळदा भावनिक युक्तिवाद केले जातात. येथे मात्र श्रेष्ठत्वाचे कारण निखळ यांत्रिक आहे.

भोके पाडण्याची क्रिया शिवण्याइतकीच महत्त्वाची होय. कडेपासून साधारण ३ मिलिमीटर अंतरावर कंपासाने रेघ ओढतात आणि काट्यासारख्या दातेरी अवजाराने तिच्यावर समान अंतरावर खुणा ठोकतात. मग आरीने एकेक भोक पाडतात. या आरीचे पाते गोल नसून चपट्या शंकरपाळ्याच्या छेदाचे असते आणि ते रेघेशी तिरपे धरले जाते. त्यामुळे भोके म्हणजे तिरप्या, एकमेकींना समांतर चिरा होतात. चिरा रेघेच्याच दिशेने असत्या तर ताण येताच एक चीर दुसरीला मिळून चामडे फाटले असते. तिरप्या चिरांमुळे दोन भोकांमधील चामडे शाबूत राहते, चीर दोऱ्याभोवती मिटते आणि टाकाही सुबक तिरपा बसतो.

टाके जितके दाट तितकी शिवण मजबूत, असा नवख्यांचा समज असतो. कापडाच्या बाबतीत तो काही अंशी खरा असेल. चामड्याच्या बाबतीत नाही. चामड्यात पडलेले भोक कापडाप्रमाणे धागे बाजूला सारून होत नाही, तेथील तंतू कायमचे तुटतात. दाट भोकांची ओळ टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते व नेमकी तेथेच फाटते. पाकिटासाठी दोन टाक्यांत ३ ते ४ मिलिमीटर अंतर ठेवणे योग्य. जाड पट्ट्यासाठी ते आणखी वाढवावे.

दोरा जवसाच्या झाडाच्या तंतूंचा, म्हणजे लिननचा, अथवा पॉलिएस्टरचा घेतात. लिननचा दोरा मधमाशीच्या मेणाच्या गोळीवरून दोन-तीन वेळा ओढून घ्यावा. मेणामुळे भोकातील घर्षण कमी होते, दोऱ्यात ओल शिरत नाही आणि ओढलेला टाका पुढचा घालेपर्यंत सैल पडत नाही. लांबी शिवणीच्या सुमारे चौपट लागते. चामडे जाड असेल तर त्याहूनही अधिक. सुया बोथट टोकाच्या हव्यात. भोक आरीने आधीच पाडलेले असते. सुईचे काम फक्त वाट काढण्याचे. अणकुचीदार सुई वापरली तर ती भोकातील दुसऱ्या पदरात घुसते, आणि एकदा दोऱ्यातून दोरा गेला की टाका ना पुढे ओढता येतो ना मागे घेता येतो.

कोणती सुई आधी घालावयाची व दुसरी तिच्या वर येते की खाली, हा क्रम शेवटच्या टाक्यापर्यंत बदलू नये. क्रम बदलला की मागील बाजूचे टाके वाकडे दिसतात. अनुभवी कारागीर हे डोळ्यांनी पाहत नाही, त्याच्या बोटांना ते माहीत असते. शेवटी दोन-तीन टाके उलट दिशेने घालून दोरा चामड्यालगत कापतात व शिवणीवर हातोडीने हलकेच ठोकतात. गाठ मारण्याची गरज राहत नाही. कडा घासकागदाने सारख्या करून, किंचित ओल्या करून, डिंकाचे पाणी लावून लाकडाने अथवा जाड कापडाने जोरात घासल्या म्हणजे दोन थर एकच वाटू लागतात.

रंग व त्याचे रसायन

बाजारात 'चामड्याचा रंग' या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न पदार्थ मिळतात. एक रंगद्रव्य तंतूंमध्ये शिरते व चामड्याचा पोत दिसू देते; दुसरे पृष्ठभागावर थर होऊन बसते आणि पोत झाकते. पहिल्याला रंग म्हणावे व दुसऱ्याला लेप. सदोष चामडे खपविण्यासाठी लेप सोयीचा असतो, हे ग्राहकानेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. खऱ्या रंगांत पुन्हा पाण्यातील व स्पिरिटमधील असे दोन प्रकार होतात. स्पिरिटमधील रंग खोलवर जातो व लवकर वाळतो, परंतु त्याचमुळे पट्टे उमटण्याचा संभव अधिक असतो. तसेच तो चामड्यातील स्निग्धांश काढून घेतो. त्यामुळे रंग वाळल्यावर तेल देणे आवश्यक ठरते.

एकाच कातड्याचे निरनिराळे भाग रंग सारखा घेत नाहीत. पाठीकडील तंतू घट्ट विणलेले असतात, पोटाकडील विरळ. पोटाचा भाग रंग अधिक पितो व गडद होतो. काट्यांचे ओरखडे, गोचिडांच्या खुणा रंगानंतर उठून दिसतात. म्हणून त्याच कातड्याच्या तुकड्यावर आधी परीक्षा करावी, व रंग पातळ करून दोन-तीन हातांत द्यावा. ओला रंग नेहमीच गडद भासतो. वाळल्यावर कोरड्या कापडाने तो चांगला पुसून सुटे कण काढले नाहीत, तर पांढऱ्या कपड्यावरील डाग दुसऱ्याच दिवशी तक्रार करतात. रंग शिवणीपूर्वी द्यावा, असे माझे मत आहे. त्यामुळे दोऱ्याचा मूळ रंग राहतो व जोडाच्या आतील कडा कोऱ्या राहत नाहीत.

काळ्या रंगाची एक पद्धत स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे, कारण तीत काळे रंगद्रव्य वापरलेच जात नाही. लोखंडाचे खिळे अथवा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवतात. लोखंड विरघळून त्याचे अॅसिटेट तयार होते. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटत असल्याने बरणीचे झाकण घट्ट लावू नये. गाळलेले फिकट द्रावण वनस्पतीजन्य चामड्यावर फिरविले की काही मिनिटांत चामडे करडे, मग निळसर काळे होते. चामड्यातच असलेल्या टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन, व हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने, लोह-टॅनेट हा काळा संयुग-पदार्थ तंतूंच्या आत तयार होतो. तो वरून लावलेला नसल्यामुळे पुसला जात नाही. क्रोम चामड्यात टॅनिन नसल्याने तेथे ही क्रिया होत नाही. म्हणून हाच प्रयोग चामड्याचा प्रकार ओळखण्याची कसोटी म्हणूनही उपयोगी पडतो.

हे रसायन आपल्याकडे नवे नाही. आंध्रातील कलमकारीचे कारागीर गूळ, पाणी व गंजके लोखंड आंबवून काळ्या रेघांसाठी द्रावण करतात, आणि ते ज्या कापडावर लावावयाचे ते आधी हिरड्याच्या अर्कातून काढलेले असते. टॅनिन व हिराकस यांपासून होणारी जुनी लेखनाची शाईही याच कुळातील. ग्रंथपालांना या शाईचा एक दुर्गुण माहीत असतो : आम्ल व लोह अधिक झाले तर ती कालांतराने कागद खाते. चामड्याचेही तसेच होते. म्हणून काळे झालेले चामडे खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने पुसून आम्लता कमी करावी आणि वाळताना तेल द्यावे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पदवीच्या विद्यार्थ्यांना एका तासात दाखविता येण्याजोगा हा प्रयोग आहे.

नैसर्गिक रंगांविषयी आज जे आकर्षण आहे त्यास मात्र येथे मर्यादा पडतात. मंजिष्ठेसारखे रंग कापडावर चढतात ते तुरटी व उष्णतेच्या मदतीने. ओले वनस्पतीजन्य चामडे सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते व निकामी होते. ते उकळत्या रंगात बुडविता येत नाही. निळीचे द्रावण अल्कधर्मी असते व तेही चामड्याला मानवत नाही. हळद चढते, पण उन्हात टिकत नाही. कृत्रिम रंगांच्या बाबतीत सावधगिरी वेगळी. विघटनानंतर कर्करोगकारक अमाइन देऊ शकणाऱ्या अनेक अॅझो रंगांवर भारत सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली. तरी सुट्या पुडीत मिळणाऱ्या भुकटीचे घटक कोणी सांगत नाही. लेबल नसलेला रंग घेऊ नये, हातमोजे घालावेत व स्पिरिटचे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे.

छंद कोणाचा, धंदा कोणाचा

इथवर आलेली माहिती कोणत्याही देशातील छंदवर्गात सांगता येईल. भारतात मात्र हा विषय येथे थांबत नाही. वर्णव्यवस्थेने ज्या हातांना हे काम नेमून दिले, त्यांच्यासाठी ते स्वेच्छेचे नव्हते. छंदाचे मुख्य लक्षण म्हणजे तो हवा तेव्हा सोडता येतो. जातीने लादलेल्या धंद्याचे मुख्य लक्षण नेमके याच्या उलट असते.

या पेचावर विसाव्या शतकात दोन भिन्न उत्तरे दिली गेली. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर महात्मा गांधी वहाणा करण्यास शिकले. त्यांचे मित्र हर्मन कॅलेनबाख यांनी ही कला ट्रॅपिस्ट ख्रिस्ती साधूंच्या मठात आत्मसात केली होती. स्वतः केलेला एक जोड गांधींनी जनरल स्मट्स यांना दिला, आणि १९३९ मध्ये गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त स्मट्स यांनी तो परत पाठविला, ही हकीकत सुपरिचित आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांच्या यादीत चर्मकामाचाही समावेश केला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मेलेल्या जनावरांचे कातडे सोलण्याचे काम स्वतःच्या हाताने केले. उच्चवर्णीयांनी हे काम हाती घेतले की त्यावरील कलंक जाईल, अशी या विचारामागील श्रद्धा होती. बंगालमध्ये रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात रथींद्रनाथ व प्रतिमादेवी यांच्या पुढाकाराने रंगीत, ठसेदार चर्मकलेचा विकास झाला. तेथे हेतू कलात्मक व ग्रामीण उपजीविकेचा होता. शांतिनिकेतनच्या चर्मवस्तूंना आज भौगोलिक निर्देशांक प्राप्त आहे.

दुसरे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी आपल्या समाजबांधवांना मृत जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन केले. काम प्रतिष्ठित करण्यापेक्षा माणसाला त्या कामातून मोकळे करणे त्यांना अधिक निकडीचे वाटले. कलंक ज्याच्यावर आहे त्याच्या जागी उभे राहून पाहिले असता हा क्रमच योग्य वाटतो : आधी काम नाकारण्याचे स्वातंत्र्य, मग त्याची आवड. गांधीमार्गाने चर्मकामास प्रतिष्ठा देणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली, हे वास्तवही दृष्टिआड करता येत नाही.

आजची परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. कोल्हापुरी चपलेला २०१८ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या संयुक्त नावे भौगोलिक निर्देशांक मिळाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तसेच बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे त्यात येतात. २०१५ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रात गायीबरोबरच वळू व बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे बैलाच्या चामड्याचा स्थानिक पुरवठा आटला. म्हशीचे चामडे मात्र या बंदीच्या कक्षेबाहेर आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या पेढीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या वहाणा मूळ स्थानाचा उल्लेख न करता मांडल्या. टीका झाल्यानंतर त्या भारतीय हस्तकलेवरून स्फुरल्याचे पेढीने मान्य केले. या प्रकरणात आपल्याकडे जो संताप व्यक्त झाला तो योग्यच होता. परंतु मिलानने नाव घेतले नाही याचा राग येणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना चपलेतील 'कान' कोणता व वेणी कोण घालते हे सांगता येईल? पट्ट्यावरील वेणी विणण्याचे नाजूक काम पुष्कळ घरांत स्त्रिया करतात आणि त्यांचे नाव बहुधा कोणत्याच नोंदीत नसते.

महाविद्यालयांना या संदर्भात प्रत्यक्ष काही करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये स्थानिक कलावंत व कारागिरांना उच्च शिक्षणसंस्थांत निमंत्रित करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीस तासांच्या अभ्यासक्रमात एक पाकीट व एक कमरपट्टा सहज शिकविता येईल. साहित्य फार लागत नाही : आरी, रापी, दोन सुया, कंपास, मेण, दोरा, हातोडी व शिवण धरण्यासाठी लाकडी चिमटा. शिकविण्यास मात्र परदेशी चित्रफीत पाहून तयार झालेला हौशी माणूस न बोलाविता व्यवसायातील कारागीर बोलवावा. त्याची शैक्षणिक अर्हता विचारली जाईल; ती नसेल तर नियमांत वाट काढण्याचे काम प्राचार्यांचे व लेखा विभागाचे आहे. हा वर्ग कोणत्याही एका सामाजिक गटातील विद्यार्थ्यांकडे वळविला जाऊ नये, तसेच चर्मकार समाजातील विद्यार्थ्याने त्यात नाव नोंदविलेच पाहिजे अशी अपेक्षाही कोणी धरू नये. त्याला संगणकाच्या वर्गात बसावयाचे असेल तर तो त्याचा प्रश्न. आणि मानधन ठरविताना कारागिराचा बुडणारा दिवस लक्षात घ्यावा. पाहुण्या व्याख्यात्याला जो दर दिला जातो तोच त्यालाही द्यावा, आणि अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर शिक्षक म्हणून त्याचे वा तिचे पूर्ण नाव छापावे.